शेवटच्या ओळीतले नाव : जावजी दादाजी आणि निर्णयसागर

संस्कृतचा जुना ग्रंथ शोधत जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरलेल्या माणसाने एकदा तरी विचारलेले असते, "निर्णयसागरची प्रत आहे का?" ग्रंथकर्ता त्याला ठाऊक असतो, टीकाकार ठाऊक असतो, बहुधा संपादकही ठाऊक असतो. तरीही मागणी होते ती छापखान्याच्या नावाने. कालिदास, भवभूती, जगन्नाथ पंडित, शंकराचार्य, चरक, सुश्रुत, सगळ्यांच्या बाबतीत हेच. शतकभराहून अधिक काळ छापखान्याचे नाव शुद्धतेची खूण म्हणून चालावे, असे आपल्याकडे फारसे घडलेले नाही.

हा छापखाना काढणारा माणूस शास्त्री-पंडितांच्या घरातला नव्हता. त्याचे शाळेतले शिक्षण जेमतेम होते. तो वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास खिळे घासायच्या कामाला लागला आणि त्रेपन्नाच्या आसपास वारला. त्याचे नाव जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९, मृत्यू १८९२.

जावजींविषयी मराठीत लिहिले गेलेलेच नाही असे नाही. पु. बा. कुलकर्णी यांचे 'निर्णयसागरची अक्षरसाधना' १९६७ साली आले. अ. का. प्रियोळकरांनी १९५८च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातल्या मुद्रणाचा इतिहास मांडला. बापूराव नाईकांनी देवनागरी अक्षरांच्या घडणीवर जे काम केले, त्यावाचून या विषयात कोणाचेच पाऊल पुढे पडत नाही. माझ्यासारख्या, कुठल्याही विद्यापीठाशी नाते नसलेल्या वाचकाने या मंडळींच्या कामात भर घालायची ती कशाने? मी एक लहानसा मार्ग धरला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ असते. अमक्याने, अमक्या छापखान्यात, अमक्या ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, अशी. या ओळी मी वीसेक वर्षे उतरवून घेत आलो आहे. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, ग्रंथालयांतून, रद्दीतून, ओळखीपाळखीच्या घरांतल्या कपाटांतून. जावजींचे आयुष्य आणि त्यांचे मरण या ओळींतून कसे दिसते, ते या लेखात सांगायचे आहे.

ओळ कुठून आली

ही ओळ कोणाच्या हौसेची नाही. १८६७ सालच्या २५व्या कायद्याने ती सक्तीची केली. प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणाचे ठिकाण, तसेच प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनाचे ठिकाण असलेच पाहिजे, असे तो कायदा सांगत असे. पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करायच्या, आणि सरकारने त्यांची यादी ठेवायची. मुंबई इलाख्याच्या अशा तिमाही याद्या निघत. त्यात पुस्तकाचे नाव, पृष्ठे, प्रतींची संख्या, किंमत, हक्क कोणाकडे, असे रकाने असत. १८५७च्या उठावाला जेमतेम दहा वर्षे झाली होती. कोण काय छापतो यावर सरकारला नजर ठेवायची होती. नजर ठेवण्यासाठी केलेल्या या तजविजीतून आपल्याला मात्र मुद्रकांचा इतिहास हाती लागला. जावजींनी निर्णयसागर छापखाना काढला १८६९ साली, म्हणजे हा कायदा आल्यावर दोनच वर्षांनी. त्यामुळे या छापखान्याचा जवळजवळ सगळा जीवनक्रम शेवटच्या ओळीत नोंदला गेला आहे.

खिळे घासणारा मुलगा

जावजींच्या आधीची मुंबई थोडी डोळ्यांपुढे आणायला हवी. १८१७ साली अमेरिकन मिशनने इथे मराठी छपाई सुरू केली. मिशनच्या छापखान्यात काम केलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापलेले धर्मग्रंथ हातात घ्यायला लोक कचरत, कारण शाईत चरबी असल्याचा संशय. म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरल्याचे सांगतात. गणपत कृष्णाजी १८६० साली वारले. याच मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचा कारागीर देवनागरीचे लहान आकाराचे, सुबक खिळे घडवत होता. दहा वर्षांचा जावजी कामाला लागला तो या ग्रॅहमच्या हाताखाली. वडील वारलेले, घरची गरिबी. पगार महिना २ रुपये, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

खिळे घासणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. माझे एक चुलते पुण्याच्या एका छापखान्यात जुळारी होते. त्यांच्याकडून हे शब्द मी लहानपणी ऐकले, अर्थ मात्र खूप उशिरा कळला. आधी पोलादाच्या लहान कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. हा पंच. तो आगीत तावून कडक करायचा आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात अक्षराचा खळगा उमटतो, ती मातृका. मातृका साच्यात बसवायची आणि शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा. थंड झाला की खिळा बाहेर येतो. त्याला ओतकामाची शेपटी आणि कडेला धारा राहिलेल्या असतात. शेपटी मोडायची आणि कडा घासून सपाट करायच्या. एखादा खिळा केसभर जाड राहिला तर सगळी ओळ वाकडी होते, आणि उंचीला कमी भरला तर अक्षर कागदावर उमटतच नाही. या कारखान्यातले सगळ्यांत हलके काम हेच. ते लहान मुलांकडे असे.

पण या हलक्या कामातच अक्षराची पारख होते. घासणाऱ्याच्या हातातून प्रत्येक अक्षर जाते. क कुठे जाड राहतो, रफार कुठे मोडतो, ज्ञ ओतताना हवा कुठे अडकते, हे त्याच्या बोटांना कळते. पंडिताला अक्षर अर्थासकट दिसते, त्यामुळे त्याची नजर अक्षरावरून घसरून शब्दावर जाते. खिळे घासणाऱ्या मुलाला मात्र फक्त आकार दिसतो. माझ्या समजुतीप्रमाणे निर्णयसागरच्या शुद्धतेचा उगम इथे आहे. तिथल्या शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेइतकाच तो मालकाच्या बोटांत होता.

मिशनचा छापखाना सुटल्यावर जावजींनी मुंबईतल्या आणखी काही छापखान्यांत नोकरी केली. 'इंदुप्रकाश' हा त्यांतला एक. १८६४ साली, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. या धंद्यात त्यांना साथ होती राणोजी रावजी आरू या पंच कोरणाऱ्या कारागिराची.

तेजी, मंदी आणि अक्षरे

१८६४ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या, बँका, त्यांचे शेअर, सगळे शहर सट्ट्याने झपाटलेले. १८६५ साली युद्ध संपले आणि मुंबईचा हा फुगा फुटला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. एक वर्षाआधी निघालेला जावजींचा लहानसा कारखाना या पडझडीतून तगला आणि चार वर्षांनी त्याला छापखाना जोडला गेला.

त्याचे कारण मला असे दिसते. सट्ट्याशी त्यांच्या गिऱ्हाइकाचा संबंध नव्हता. १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते आले, १८५७ साली विद्यापीठ आले. शाळा वाढल्या, क्रमिक पुस्तके वाढली, वर्तमानपत्रे वाढली. प्रत्येक नव्या छापखान्याला खिळे लागत, आणि शिशाचे खिळे झिजतात, म्हणजे तेच गिऱ्हाईक पुन्हा येते. शिवाय पंचांग दर वर्षी नवे. 'निर्णयसागर' हे नाव पंचांगालाही होते. तिथी-वार, एकादशी-संक्रांत यांचा निर्णय करून देणारे पुस्तक घरोघर लागणारच. कापूस पडला म्हणून एकादशी चुकत नाही.

खिळे स्वतःचे असल्याचा आणखी एक मोठा फायदा होता. त्या काळी पुस्तकाच्या खर्चात कागद हा जड भाग. अक्षर लहान झाले की ओळी जास्त मावतात, पृष्ठे कमी होतात, किंमत उतरते. पण देवनागरीत अक्षर लहान करणे सोपे नाही. रोमन लिपीचे अक्षर एका ओळीत बसते. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, मधे जोडाक्षरे. म्हणजे एका ओळीत तीन मजले. संस्कृतला तर मराठीपेक्षा कितीतरी जास्त जोडाक्षरे लागतात. अक्षर आणि मात्रा वेगवेगळ्या ओतून जुळवायच्या, की मात्रेसकट अखंड अक्षर ओतायचे, हा वाद मुद्रकांत वर्षानुवर्षे चालला. जुळाऱ्याच्या पेटीत शेकड्यांनी घरे. टिळकांनी पुढे 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला तो याच डोकेदुखीमुळे. निर्णयसागरने संख्या कमी करण्याच्या मागे न लागता प्रत्येक जोडाक्षर लहान आकारातही नीट घडवण्याचा रस्ता धरला.

संस्कृत टीकाग्रंथाचे पान समोर ठेवले तर याचे मोल कळते. वर मोठ्या अक्षरात मूळ श्लोक, त्याखाली मध्यम अक्षरात टीका, तळाशी बारीक अक्षरात पाठभेद. एका पानात तीन आकार, आणि तिन्ही एकाच वळणाचे. १८८३ साली निर्णयसागरने राघवभट्टाच्या टीकेसह शाकुंतल छापले, नारायण बाळकृष्ण गोडबोले आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेले. पोथीतही पुष्कळदा मूळ मध्ये आणि टीका सभोवार असे. वाचणाऱ्याच्या डोळ्याला ही सवय होती. जावजींच्या कारखान्याने ती सवय न मोडता खिळ्यांत आणली.

हिंदी मुद्रकांत 'बम्बइया' आणि 'कलकतिया' अशी अक्षरांची दोन वळणे मोजली जात. अ, झ, ण यांची घडण दोन्हींत वेगळी. आज हिंदीतही प्रमाण मानली जाणारी अ आणि ण यांची रूपे मुंबई वळणाची आहेत. ते वळण देशभर पोचवण्यात निर्णयसागरसारख्या मुंबईच्या कारखान्यांचा वाटा मोठा आहे, कारण इथले खिळे दुसऱ्या छापखान्यांना विकले जात.

काव्यमाला

अशा कारखान्याच्या मालकाने केवळ पंचांगे आणि क्रमिक पुस्तके छापली असती तरी घर सुखात चालले असते. जावजींनी त्यापलीकडे हात घातला. १८८१ साली विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' हे मुलांचे मासिक निर्णयसागरमधून निघू लागले. आणि १८८६ साली सुरू झाली 'काव्यमाला'. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. मासिकासारखी दर महिन्याला निघणारी, वर्गणीदारांवर चालणारी माला, आणि तिच्यात तोवर बव्हंशी हस्तलिखितातच पडून असलेले संस्कृत ग्रंथ.

हा व्यवहार धाडसाचा होता. सरकारच्या मदतीने चालणारी मुंबई संस्कृत ग्रंथमाला होती. ब्यूलर, कीलहॉर्न यांच्यासारखे प्राध्यापक तिच्यामागे होते. लखनौला नवलकिशोर, मुंबईतच खेमराज श्रीकृष्णदासांचे वेंकटेश्वर, पुण्यात १८८७-८८च्या सुमारास महादेव चिमणाजी आपट्यांचे आनंदाश्रम, असे खासगी प्रयत्नही होते. पण अलंकारशास्त्र, नाटक, भाण, प्रहसन, स्तोत्रे असे ग्रंथ महिन्यामागून महिने वर्गणीदाराच्या दारी पाठवायचे, ही कल्पना वेगळीच. इकडे मराठी माणूस मासिक पुस्तकांना सरावत होता. तीच सवय जावजींनी संस्कृतला लावली.

१८८८ साली काव्यमालेत जगन्नाथ पंडिताचा 'रसगंगाधर' आला. १८९१ साली आनंदवर्धनाचा 'ध्वन्यालोक' आला, अभिनवगुप्ताच्या 'लोचन' टीकेच्या उपलब्ध भागासह. ब्यूलरने १८७५-७६ साली काश्मीरचा दौरा करून ज्या ग्रंथांच्या हस्तलिखितांकडे जगाचे लक्ष वेधले, त्यांत हा एक होता. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीशी ज्याचे नाव जोडले गेले त्या छापखान्याने तो छापला. पुढे हर्मान याकोबी यांनी १९०२-०३ साली ध्वन्यालोकाचे जर्मन भाषांतर केले, ते याच आवृत्तीवरून. ध्वनी, रस, व्यंजना हे शब्द मराठी समीक्षेत आज सहज येतात. म. म. पां. वा. काणे यांच्या संस्कृत साहित्यशास्त्राच्या इतिहासापासून ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्रा'पर्यंतच्या चर्चेचा पाया या छापील प्रतींनी घातला. हस्तलिखित एका घरात राहते. वाद घालायला दोन माणसांच्या हाती एकच पान असावे लागते.

१८९२

जावजी १८९२ साली वारले. थोरामोठ्यांच्या मृत्यूवर असतात तशा आख्यायिका या मृत्यूभोवती नाहीत. मी त्याकडे पुस्तकांच्या ओळींतून पाहतो. १८९१चा ध्वन्यालोक आणि १८९४चा भरताचा 'नाट्यशास्त्र' हे काव्यमालेचे दोन ग्रंथ शेजारी ठेवावेत. पहिला क्रमांक २५, दुसरा ४२. मधल्या तीन वर्षांत मालक गेले. त्याच सुमारास दुर्गाप्रसादही गेले. नाट्यशास्त्राच्या मुखपृष्ठावर परबांच्या जोडीला पंडित शिवदत्तांचे नाव आहे. संस्थापक आणि मुख्य संपादक, दोघेही नाहीसे झालेले. पण अक्षर तेच, पानाची मांडणी तीच, क्रमांक अखंड. ज्या वर्षांत हे काम सहज विस्कटले असते, त्याच वर्षांनी भरताचा ग्रंथ छापील रूपात भारतीय वाचकाला दिला. तो मोजक्या हस्तलिखितांवर आधारलेला होता, अशुद्ध जागा त्यात पुष्कळ होत्या, आणि १९२६पासून बडोद्याहून रामकृष्ण कवींनी अभिनवभारतीसह आवृत्ती काढायला सुरुवात केली तेव्हा त्या दिसूनही आल्या. तरीही त्याच्या आधी नाट्यशास्त्राचे काही सुटे अध्यायच काय ते छापले गेले होते.

आपल्याकडे एका माणसाच्या जिवावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर जाते, हा अनुभव जुना आहे. मासिके पाहा, नाटक कंपन्या पाहा. निर्णयसागर का टिकले? मुलाने धंदा सांभाळला, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर मला जास्त पटते. जावजींनी मागे ठेवलेली मुख्य गोष्ट त्यांच्या स्वभावावर किंवा ओळखींवर अवलंबून नव्हती. पंच आणि मातृका हे भांडवल टिकाऊ असते. एकदा उत्तम पंच कोरला की त्यावरून मातृका पुन्हा ठोकता येते, मातृकेवरून खिळे पुन्हा ओतता येतात. मालक गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही क तसाच निघतो. संपादकांचेही तसेच. ग्रंथाला दोन संपादक ठेवायचे, एक गेला तर दुसरा काम पुढे नेतो, ही रीत काव्यमालेत आधीपासून होती.

मुखपृष्ठावरची नावे

पुढच्या काळातल्या ओळी वाचत गेले की एक साखळी दिसते. १८९०च्या दशकापासून ओळ येते ती तुकाराम जावजी यांच्या नावाने, 'जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे मालक' अशा अर्थाची. बाप वारल्यावर कितीतरी वर्षे मुलाने स्वतःच्या नावापुढे बापाचे संपूर्ण नाव छापले. १९२० आणि ३०च्या दशकांत ओळीत पांडुरंग जावजी येतात. १९४०च्या सुमारास नाव येते सत्यभामाबाई पांडुरंग यांचे. जावजी हा शब्द आता ओळीतून गेलेला आहे. नाव पुढच्या पिढीवर सरकत सरकत मूळ माणसापासून सुटले.

या साखळीतली दोन पुस्तके मी मुद्दाम सांगतो. पहिले १९१२ सालचे, उवट आणि महीधर यांच्या भाष्यांसह शुक्लयजुर्वेदसंहिता, वासुदेव लक्ष्मण शास्त्री पणशीकरांनी संपादिलेली. वेद छापायचा म्हणजे स्वरही छापायचे. अक्षराखालची आडवी रेघ, अक्षरावरची उभी रेघ, यांसाठी वेगळे खिळे लागतात. ग्रॅहमच्या हाताखाली खिळे घासलेल्या मुलाने उभारलेला कारखाना आता तिथवर पोचला होता. पण मला साल जास्त महत्त्वाचे वाटते. त्याआधी बारा-तेरा वर्षे कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटले होते. खुद्द शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार आहे की नाही, यावर महाराष्ट्र दुभंगला होता. आणि आता भाष्यासकट सगळी संहिता किंमत मोजील त्याच्या हाती पडत होती. दुकानदार गिऱ्हाइकाची जात विचारत नाही.

यावरून जावजींना समाजसुधारक ठरवायचे नाही. ते व्यापारी होते. ज्या छापखान्यात वेद छापले जात, तिथेच व्रतवैकल्यांची पंचांगेही छापली जात. पण व्यापारी माणसाने स्वस्त, शुद्ध आणि मुबलक प्रती काढल्या, की अधिकाराचा प्रश्न शास्त्रार्थातून निसटून बाजारात येतो. तिथे त्याचे उत्तर वेगळे मिळते. सभेत वाद चालू असताना हा बदल कोणी ठराव करून केला नाही. कंपोझिंगच्या पेट्यांपुढे उभे राहून महिना पगारावर काम करणाऱ्यांनी तो केला.

दुसरे पुस्तक चरकसंहिता. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली १९४१ची आवृत्ती. वैद्यांच्या दोन-तीन पिढ्या या प्रतीवर वाढल्या. त्या काळातल्या निर्णयसागरच्या ग्रंथांवर प्रकाशक म्हणून सत्यभामाबाईंचे नाव आहे. श्रुती, स्मृती, न्याय, वेदान्त, आयुर्वेद, ज्या विद्यांच्या दारात बाईला उभे करायचे की नाही याची चर्चा शास्त्रात सापडते, त्या विद्यांच्या पुस्तकांवर एका बाईचे नाव कायद्याने छापावे लागत होते. १९५२ साली नारायण राम आचार्यांनी सुधारलेली 'सुभाषितरत्नभाण्डागारा'ची आवृत्ती निघाली. १८८६ साली परबांनी सिद्ध केलेला हा संग्रह. जावजींच्या हयातीतले पुस्तक त्यांच्यानंतर साठ वर्षांनी पुन्हा नव्याने जुळवले जात होते.

ओळीत नसलेले

कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे मागितली. पंच कोरणाऱ्याचे नाव मागितले नाही, जुळाऱ्याचे मागितले नाही, मुद्रिते वाचणाऱ्याचे मागितले नाही. राणोजी रावजी आरू यांच्या हातून उतरलेली अक्षरे लक्षावधी लोकांनी वाचली. त्यांचे नाव मुद्रणाच्या इतिहासाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. जुळारी तर सगळेच अनाम. माझे चुलते सांगत की संस्कृत येत नसलेला जुळारी संस्कृत येणाऱ्यापेक्षा कमी चुका करतो. येणारा पुढचा शब्द ओळखून जुळवतो, न येणारा समोरचे अक्षर बघून जुळवतो. ध्वन्यालोकाच्या पहिल्या छापील प्रतीतले शब्द ज्यांच्या बोटांतून गेले, त्यांतल्या बहुतेकांना आनंदवर्धन कोण हे माहीत असण्याचे कारण नव्हते. तरीही ती प्रत बॉनला वाचली गेली आणि तिच्यावर भाष्ये झाली.

जावजी या अनाम लोकांतून आले, हे मला त्यांच्या चरित्रातले सगळ्यांत मोठे वैशिष्ट्य वाटते. कारागिराचे नाव पुस्तकावर येण्याचा तेव्हा एकच मार्ग होता, त्याने मालक व्हायचे. जावजी झाले, म्हणून आपल्याला त्यांचे नाव सापडते. त्यांच्या शेजारी बसून खिळे घासणारी बाकीची मुले सापडत नाहीत.

आता खिळ्यांचे युग संपले आहे. निर्णयसागरच्या ग्रंथांची छायाप्रत पुनर्मुद्रणे मात्र बाजारात अजून मिळतात. पाने तीच, अक्षरे तीच, फोटो काढून छापलेली. झिजलेला रफार, किंचित खाली बसलेला एखादा विसर्ग, हेही जसेच्या तसे. फक्त बऱ्याच पुनर्मुद्रणांत मूळ मुखपृष्ठ गळलेले असते आणि तळाला नव्या प्रकाशकाचे नाव असते. ग्रंथालयांतही जुन्या पुस्तकाला नवी बांधणी करताना फाटकी म्हणून पहिली आणि शेवटची पाने काढून टाकतात. मजकूर शाबूत राहिला, एवढ्यावर समाधान मानतात. मला या निमित्ताने ग्रंथपालांना आणि घरी जुनी पुस्तके असलेल्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की बांधणीवाल्याकडे पुस्तक देताना ती दोन पाने मोजून द्यावीत आणि परत घेताना मोजून घ्यावीत. तेवढेही जमणार नसेल तर निदान तळाची ओळ एका चिठ्ठीवर उतरवून पुस्तकात ठेवावी.